वेगवान मैल आणि क्रोशाचं पट्ट्यांचं ब्लँकेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकं करायचं काय आहे?

बारा आठवडे एक मैल अधिक वेगाने धावण्याचा सराव करायचा आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या सरावाच्या रंगाचा एक चौकोन क्रोशाने विणायचा. सात दिवसांचे सात चौकोन एकावर एक आले की आठवड्याची एक उभी पट्टी होते. अशा बारा पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या की साधारण १२० सेंटिमीटर रुंद आणि ९५ सेंटिमीटर लांब ब्लँकेट तयार होतं. खुर्चीत बसून पायांवर घ्यायला ते पुरेसं होतं.

सरावाची नोंद वहीत ठेवता येते. त्यासाठी विणायचं कशाला?

वहीत आपण आकडे लिहितो आणि पान उलटतो. विणलेली पट्टी डोळ्यांसमोर राहते. मैलाचा सराव करणाऱ्या बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: रोज जोरात धावायचं, विश्रांती घ्यायची नाही आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात नडगी धरून बसायचं. पट्टीत लाल, म्हणजे वेगाच्या दिवसाचा, रंग वाढू लागला की ते दुखणं सुरू होण्याआधीच दिसतं. इथे सुचवलेल्या आराखड्यात एकूण ८४ चौकोन आहेत आणि त्यांतले ६० विश्रांतीचे किंवा सावकाश धावण्याचे आहेत. तुमच्या ब्लँकेटमध्ये तसं दिसत नसेल, तर सराव चुकतोय.

रंग कसे वाटायचे?

रंग तुमच्या आवडीचे घ्या, पण एकदा ठरवले की बारा आठवडे तेच ठेवा. उदाहरणादाखल एक मांडणी:

सोमवार आणि शुक्रवार विश्रांती, रंग सायीचा. बुधवार आणि गुरुवार सावकाश धाव, रंग हिरवा. मंगळवार वेगाचा, म्हणून लाल. शनिवारी टेंपो धाव, नारिंगी. रविवारी लांब पण संथ धाव, निळा. पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यातल्या शनिवारी टेंपोऐवजी मैलाची चाचणी असते. तिला पिवळा. अख्ख्या ब्लँकेटमध्ये पिवळे चौकोन तीनच येतात आणि नजर सगळ्यात आधी त्यांच्यावरच जाते.

लोकर घेण्याआधी सगळे गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन रंग फोटोत सारखेच करडे दिसले, तर विणल्यावर ते दुरून एकमेकांत मिसळतात. लाल आणि हिरव्याची गंमत इथेच कळते. रंग म्हणून ते अगदी वेगळे, पण गडदपणा सारखा असेल तर फोटोत ओळखू येत नाहीत. अशा वेळी हिरवा पोपटीकडे झुकणारा घ्यावा.

एक मैल म्हणजे किती फेऱ्या?

मैल म्हणजे १,६०९.३४४ मीटर. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार पूर्ण फेऱ्या आणि वर नऊ मीटरांहून थोडं अधिक. म्हणून ट्रॅकवर मैलाची सुरुवात नेहमीच्या रेषेच्या नऊ मीटर मागून होते. चार फेऱ्या धावून घड्याळ थांबवलं तर १,६०० मीटर होतात. आठ मिनिटांत मैल धावणाऱ्याला उरलेल्या नऊ मीटरांसाठी पावणेतीन सेकंद लागतात. घरगुती सरावात कुठलंही एक अंतर धरा, फक्त तिन्ही चाचण्यांना तेच ठेवा.

आपल्याकडे तर किलोमीटर चालतात. मैलच का?

किलोमीटर धरायलाही हरकत नाही. पण महाराष्ट्रात हजारो मुलं हे अंतर 'सोळाशे' या नावाने रोज पहाटे धावत असतात. पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर धावावं लागतं. अलीकडच्या भरत्यांमध्ये ते ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पूर्ण केल्यास २० पैकी २० गुण मिळत आले आहेत. सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची धाव असते. भरतीची तयारी करणाऱ्याने गुणांचा तक्ता त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावा. महिला उमेदवारांना पोलीस भरतीत ८०० मीटर असतात. त्यांना हाच आराखडा चालतो, फक्त मंगळवारच्या फेऱ्या थोड्या आखूड आणि वेगवान करायच्या.

मैलाचं आणखी एक कारण म्हणजे हे अंतर सगळंच मागतं. शंभर मीटरला नुसती झेप पुरते, मॅरेथॉनला चिकाटी पुरते. मैलात दोन्ही लागतात. आणि तो काही मिनिटांत संपतो, त्यामुळे नोकरी-संसार सांभाळून त्याची तयारी जमते.

माझी पहिली चाचणी कशी घ्यायची?

दहा ते पंधरा मिनिटं सावकाश धावून अंग गरम करा. मग वीस सेकंदांच्या तीन-चार चपळ धावा घ्या. त्यानंतर सपाट ठिकाणी मैल धावा. पहिली चाचणी असेल तर जीव तोडून धावू नका. 'अजून शंभर मीटर गेलो असतो' असं वाटलं पाहिजे, इतपतच.

समजा वेळ आली साडेआठ मिनिटं. बारा आठवड्यांनंतरचं लक्ष्य आठ मिनिटं ठेवता येईल. आठ मिनिटांचा मैल म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साधारण १ मिनिट ५९ सेकंदांत. साडेसात मिनिटांसाठी १ मिनिट ५२ सेकंद, सात मिनिटांसाठी १ मिनिट ४४ सेकंद. स्वतःचा आकडा काढायचा तर लक्ष्याचे सेकंद चारने भागा. शेवटचे नऊ मीटर धरून फेरीमागे अर्ध्या-पाऊण सेकंदाची सूट घ्या.

लाल दिवशी काय धावायचं?

लक्ष्याच्या वेगाने तुकडे धावायचे, मध्ये दम घ्यायचा. आठ मिनिटांचं लक्ष्य धरून सांगते. पहिले चार आठवडे: २०० मीटर आठ वेळा, प्रत्येक वेळी साठ सेकंदांच्या आसपास, मध्ये २०० मीटर चालायचं. पाचव्यापासून आठव्यापर्यंत: ४०० मीटर सहा वेळा, प्रत्येकी १ मिनिट ५९ सेकंद, मध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती. नवव्यापासून अकराव्यापर्यंत: ८०० मीटर दोनदा, प्रत्येकी चार मिनिटांत, त्यानंतर ४०० मीटर दोनदा. बाराव्या आठवड्यात फक्त २०० मीटर चार वेळा, कारण शनिवारी चाचणी आहे आणि पाय ताजे हवेत.

पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा सारख्या वेळेत आला पाहिजे. पहिला दहा सेकंद आधी आणि शेवटचा दहा सेकंद उशिरा, असं झालं तर वेगाचा अंदाज शिकायचा राहून गेला.

सावकाश धावून वेग कसा काय वाढतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर पटायला वेळ लागतो. मैल धावताना लागणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा हिस्सा, ढोबळमानाने चार पंचमांश, शरीर ऑक्सिजनच्या मदतीनेच तयार करतं. ती क्षमता सावकाश धावण्याने वाढते. स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. यातलं काहीही एका दिवसात होत नाही. त्यासाठी पुष्कळ मिनिटं लागतात, आणि रोज धापा टाकत धावणाऱ्याला तितकी मिनिटं झेपत नाहीत.

सावकाश म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. एकट्याने धावत असाल तर एखादं स्तोत्र किंवा पाठ असलेली कविता मोठ्याने म्हणून पाहा. ओळ मध्येच तुटली तर वेग कमी करा. गरज पडली तर चाला. चालल्याने चौकोन हिरव्याचा सायीचा होत नाही. गुरुवारच्या हिरव्या धावेच्या शेवटी मात्र वीस-वीस सेकंदांच्या चार-पाच चपळ धावा घ्या. पायांना वेगाची आठवण राहते आणि थकवा येत नाही.

टेंपो म्हणजे काय?

पंधरा ते वीस मिनिटं सलग, 'कष्टाचं पण आटोक्यातलं' धावणं. चार शब्द बोलता येतात, गप्पा मारता येत नाहीत.

विश्रांतीच्या दिवशी चौकोन विणायचाच का?

हो, आणि तो सायीच्या रंगाचाच. माझ्या मते अख्ख्या ब्लँकेटमधला हाच सगळ्यात महत्त्वाचा रंग आहे. रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल धावून चार मिनिटांची भिंत पाडली, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याआधीच्या वसंतात काय घडलं ते कमी लोकांना ठाऊक आहे. बॅनिस्टर तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि त्यांचा मुख्य सराव होता पाव मैल दहा वेळा धावण्याचा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. प्रत्येक पाव मैलाची वेळ कमी होत होत ६१ सेकंदांवर आली आणि तिथेच अडकली. कितीही जोर लावला तरी खाली येईना. तेव्हा ते आपले सोबती धावपटू ख्रिस ब्रॅशर यांच्याबरोबर काही दिवस स्कॉटलंडला डोंगर चढायला निघून गेले. धावणं बंद. परत आल्यावर थोड्याच दिवसांत तेच दहा तुकडे प्रत्येकी ५९ सेकंदांत झाले.

सराव शरीराला मोडतो आणि विश्रांतीत शरीर स्वतःला पुन्हा घडवतं. सायीचा चौकोन ते घडवण्याचं काम दाखवतो, म्हणून त्याची जागा मोकळी सोडायची नाही.

शर्यतीत चार फेऱ्यांची विभागणी कशी करावी?

पहिली फेरी सोपी वाटेल. ती तशीच वाटली पाहिजे. बहुतेकांचा मैल पहिल्या दोनशे मीटरमध्येच बिघडतो. दुसरी फेरी ठरलेल्या वेळेत. तिसरी सगळ्यात अवघड, कारण सुरुवातीचा हुरूप संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. बॅनिस्टर यांचीही तिसरीच फेरी सगळ्यात संथ होती. तिसऱ्या फेरीत मुद्दाम थोडा जोर लावल्यासारखं वाटलं, तरच वेग कायम राहतो. चौथीत उरलेलं सगळं.

आज पुरुषांचा विश्वविक्रम मोरोक्कोच्या हिशाम एल गरूज यांच्या नावावर आहे: ३ मिनिटं ४३.१३ सेकंद, रोम, १९९९. केनियाच्या फेथ किपयेगॉन यांनी २०२३ मध्ये मोनॅकोत ४ मिनिटं ७.६४ सेकंदांचा महिलांचा विक्रम केला. २०२५ च्या जूनमध्ये पॅरिसला त्यांनी चार मिनिटांच्या आत येण्याचा खास प्रयत्न केला आणि ४ मिनिटं ७ सेकंदांच्या आत मैल पूर्ण केला. तो प्रयत्न विक्रमाच्या नियमांत बसणारा नव्हता, पण एक बाई मैल धावताना काय करू शकते याची रेषा त्याने पुढे सरकवली. मुलींना घेऊन बसून पाहावी अशी ती धाव आहे.

आता लोकर. कोणती आणि किती?

ॲक्रिलिक घ्या. धुवायला सोपी, खिशाला परवडणारी आणि कसर लागत नाही. सुती दोरा सुंदर दिसतो, पण एवढ्या मोठ्या ब्लँकेटला जड होतो. शुद्ध लोकर उबदार असते, मात्र कोकणातल्या किंवा मुंबईच्या घरात तिचा उपयोग कमी आणि सांभाळ जास्त. पुण्याला तुळशीबागेत, मुंबईला दादरला लोकरीची दुकानं आहेत. जिल्ह्याच्या गावीही शिवणसामानाच्या दुकानात चौकशी केली की मिळते.

मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई धरली तर एका चौकोनाला साधारण ८ ग्रॅम लागते. त्या हिशेबाने हिरवी २५० ग्रॅम, लाल आणि निळी प्रत्येकी १५०, नारिंगी १००, पिवळी ५०. सायीची ४०० ग्रॅम, कारण जोडकाम आणि कडेची बॉर्डर तिचीच करायची आहे. एक चौकोन विणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहा आणि मगच बाकीची खरेदी करा. एका रंगाचे सगळे गुंडे एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळतोय ना ते पाहा. दुसऱ्या लॉटची छटा दुकानात सारखी वाटते, पण उजेडात फरक उठून दिसतो.

पट्टी सुरू कशी करायची?

१६ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब (सुईवर दोऱ्याचा एक वळसा घेऊन घातलेला उंच टाका) घाला आणि शेवटपर्यंत प्रत्येक साखळीत एकेक खांब. सोडलेल्या तीन साखळ्या धरून एकूण १४ खांब होतात. पुढच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ३ साखळ्या, तोच पहिला खांब. अशा दहा ओळी म्हणजे एक दिवस. सोमवार खाली, रविवार वर.

रंग बदलताना दहाव्या ओळीचा शेवटचा खांब पूर्ण करू नका. सुईवर दोन फासे उरले की नवा रंग ओढून खांब संपवा. दिवसाच्या ओळी दहा, म्हणजे सम ठेवण्याचं कारण इथे कळेल: रंगबदल दर वेळी एकाच कडेला येतो, सगळी टोकं त्या कडेला जमतात आणि पट्ट्या जोडताना त्यांतली बरीचशी आपोआप आत जातात.

पट्टी वर जाता जाता निमुळती होते. काय चुकतंय?

जवळजवळ नेहमी एकच: ओळीतला शेवटचा खांब राहून जातो. तो आधीच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा असतो आणि ती जागा चटकन दिसत नाही. तिथे वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टीपिन अडकवून ठेवा. प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा, चौदा आले पाहिजेत. तीन ओळींनंतर तेरा आढळले, तर निमूट तेवढं उसवा. पुढे एक टाका वाढवून भागवलेली जागा जोडताना फुगते.

पट्ट्यांची लांबी कमी-जास्त होत असेल तर हात बघा. लाल दिवसाच्या संध्याकाळी घाईने, दमलेल्या हाताने विणलं की टाका घट्ट पडतो. पहिल्या पट्टीची लांबी फितीने मोजून लिहून ठेवा आणि प्रत्येक नव्या पट्टीशी ताडून पाहा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक जोडकामात सामावतो.

इंग्रजी नमुना पाहून विणलं, पण माप दुप्पट झालं. असं कसं?

अमेरिकन आणि ब्रिटिश नमुन्यांत एकाच नावाचे टाके वेगळे असतात. अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब (वळसा न घेता घातलेला बुटका टाका), त्यालाच ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकन 'डबल' म्हणजे आपला साधा खांब, ब्रिटिश त्याला 'ट्रेबल' म्हणतात. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' हे शब्द दिसले तर तो अमेरिकन समजा, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच वापरात नाही.

धावायचं होतं, पण जमलं नाही. त्या दिवशी कुठला रंग?

जे घडलं त्याचा. मंगळवारी पाऊस लागला आणि घरी राहिलात तर सायीचा. वेगाचा सराव सोडून नुसतं सावकाश धावलात तर हिरवा. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन लाल लागोपाठ घेऊ नका. आजारपणाने अख्खा आठवडा गेला तर ती पट्टी पूर्ण सायीची होऊ द्या. बाराव्या पट्टीनंतर तेरावी जोडायला कुणाची मनाई नाही.

नडगी किंवा पोटरी दुखायला लागली तर?

दोन्ही नडग्यांत पसरलेलं, धावताना कमी-जास्त होणारं दुखणं असेल तर लाल आणि नारिंगी दिवस थांबवा, मऊ मातीवर सावकाश धावा आणि बुटांची झीज तपासा. एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, रात्रीही ठणकतं, असं असेल तर धावणं पूर्ण बंद करून हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. ते हाडावरच्या ताणाच्या भेगेचं लक्षण असू शकतं. छातीत दुखणं, भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी पहिल्या चाचणीच्या आधीच विचारून घ्यावं.

विणणाऱ्यांनी मनगटाकडेही पाहावं. अर्ध्या तासाने सुई खाली ठेवा, उठा, खांदे फिरवा. धावून आल्यावर लगेच तासभर पाय दुमडून विणत बसलं की मांडीचा पुढचा भाग आणि कंबर आखडते. आधी थोडं चाला, आंघोळ-जेवण होऊ द्या, मग विणा.

पट्ट्या जोडायच्या कशा?

बारा पट्ट्या जमिनीवर क्रमाने अंथरा. दोन पट्ट्यांच्या कडा शेजारी धरून मुक्या खांबांनी जोडा, प्रत्येक ओळीच्या कडेला दोन टाके. सत्तर ओळींना १४० टाके येतात. दर दिवसाच्या शेवटी वीस झाले की नाही हे पाहत गेलात तर शेवटी पट्टी सरकलेली आढळत नाही. मुक्या खांबांनी वर एक कणा उठतो. मला तो आवडतो, आठवडे वेगळे दिसतात. सपाट हवं असेल तर बोथट सुईने शिवून घ्या.

सुटी टोकं निदान पंधरा सेंटिमीटर ठेवा आणि टाक्यांमधून एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे अशी ओढा. गाठ मारून कापलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. बॉर्डरला चारही बाजूंनी मुक्या खांबांच्या चार-पाच फेऱ्या, कोपऱ्यात एकाच जागी तीन टाके.

धुवायचं कसं?

पहिल्यांदा लाल लोकरीचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून रंग जातो का ते पाहा. जात नसेल तर थंड पाणी, सौम्य साबण. मशीनमध्ये जाळीच्या पिशवीत घालून धुतलं तरी चालतं. पिळून टांगू नका, वजनाने लांबी वाढते. पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवलीत तर ते वितळून कायमचं चपटं होतं.

तान्ह्या बाळासाठी असं ब्लँकेट देता येईल का?

देता येईल, पण झोपताना पांघरायला नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागेत सुटं पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. शिवाय खांबांच्या मधल्या फटींत बाळाची बोटं अडकतात. बाळासाठी विणायचं असेल तर खांबांऐवजी मुके खांब घ्या, वीण बंद येते. मुका खांब उंचीला साध्या खांबाच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून दिवसाच्या दहा ओळींऐवजी वीस धरा आणि लोकर थोडी जास्त आणा. आई-बाबा जागे असताना बाळाला जमिनीवर खेळवायला ते अंथरता येईल.